पाऊण किलो चटणी, एक कोटी त्र्याऐंशी लाख रुपये

जुलै उजाडला की माझ्या टपालाचा सूर बदलतो. एरवी ‘प्रिंटर कागद ओढत नाही’ आणि ‘नातवानं पासवर्ड बदलला’ असली पत्रं असतात. जुलैत मात्र अ‍ॅडमिशन झालेली असते, हातात वेळापत्रक पडलेलं असतं आणि त्यात कॉम्प्युटरचा एक पेपर दिसलेला असतो. हा पेपर मी बार्शीत तेवीस वर्षं शिकवते. अभ्यासक्रम बदलला की त्याचं नाव बदलतं. कधी ‘संगणक परिचय’, कधी ‘माहिती तंत्रज्ञान’, आता कौशल्याच्या गटात ‘उपयोजित संगणन’. लॅबमधल्या खुर्च्या त्याच आहेत. या वेळची सगळी पत्रं याच पेपराभोवतीची निघाली, म्हणून एकत्र घेतली.

प्रश्न : मॅडम, सप्रेम नमस्कार. मी आडत दुकानात दिवाणजी आहे. मुलगा बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला गेला. दहावीच्या सुट्टीत त्याची एमएस-सीआयटी झाली आहे, मार्क ९१. आता कॉलेजात पुन्हा तेच वर्ड आणि एक्सेल. मोबाइल तर रात्रंदिवस त्याच्या हातात. मग परत हे कशाला? आणि लॅपटॉप घ्यायलाच पाहिजे का? सोयाबीनची उधारी अजून यायची आहे. — एक पालक, बार्शी तालुका

दिवाणजी, ९१ मार्कांबद्दल मुलाचं कौतुक करा, पण आज रात्री जेवताना त्याला एक विचारा. ‘तू परवा डाउनलोड केलेली फी-पावती कुठं आहे?’ मोबाइल न उघडता सांग म्हणावं.

पहिल्या तासाला मी हेच करते. नाव, गाव, दोन ओळी लिहा, साठवा, बंद करा, आता परत उघडा. निम्म्याहून जास्त वर्गाला स्वतःची फाइल सापडत नाही. मग आमचा संवाद असा चालतो. ‘कुठं ठेवलीस?’ ‘कॉम्प्युटरमध्ये.’ ‘कॉम्प्युटरमध्ये कुठं?’ ‘वर्डमध्ये.’ म्हणजे तुम्ही विचारावं, मार्च महिन्याच्या पावत्या कुठं आहेत, आणि पोरानं सांगावं, ‘कागदात’. पोरं मठ्ठ नाहीत. मोबाइलनं त्यांना फोल्डर कधी दाखवलाच नाही. फोटो गॅलरीत दिसतो, पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपमध्ये दिसतं, ते असतं कुठं हे विचारायची वेळ येत नाही. वेळ येते ती शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना, शेवटच्या दिवशी, रात्री साडेअकराला.

आता तुमच्याच धंद्यातलं सांगते. तुम्ही कीर्द लिहिता आणि कीर्दीवरून खतावणी घालता. कीर्दीत नोंद एकदाच, ज्या दिवशी घडली त्या दिवशी, एका ओळीत एकच व्यवहार. खतावणी म्हणजे तोच माल माणूसवार लावलेला. खतावणीत कुणी थेट नवा आकडा घुसडला तर तुम्ही त्याला दुकानातून हाकलाल. एक्सेलच्या कागदावर माझे विद्यार्थी नेमकं हेच करतात. वर चार नोंदी, मध्येच ‘एकूण’, खाली पुन्हा नोंदी, बाजूला लाल रंगात ‘बाकी’. कीर्द आणि खतावणी एका पानावर कालवलेली. मग त्यातून काहीच काढता येत नाही. ज्याला पिव्हट टेबल म्हणतात आणि ज्याच्या नावानं पोरांना घाम फुटतो, ती खतावणीच आहे. तुमचा मुलगा तुमच्या शेजारी आठ दिवस बसला तर माझे चार तास वाचतील. एमएस-सीआयटीनं त्याला कोणतं बटण कुठं आहे ते शिकवलं. आता बटण दाबण्याआधी कागद कसा आखायचा ते शिकायचं आहे.

लॅपटॉप पहिल्या सहामाहीत घेऊ नका. दोन क्रेडिटचं प्रात्यक्षिक म्हणजे ६० तास, ते कॉलेजात होतात. दिवाळीनंतर वाटलंच तर वापरलेला घ्या, ८ जीबी रॅम आणि एसएसडी (आत काहीच फिरत नाही अशी वेगवान डिस्क) एवढं बघून. जुनी फिरती हार्ड डिस्क असलेला दुकानदार कितीही स्वस्तात देत असला तरी नको, तो चालू होईपर्यंत चहा होतो. ऑफिसचं चोरटं पॅकेज टाकून घेऊ नका. लिबरऑफिस फुकट आहे, कायदेशीर आहे, आणि पहिल्या वर्षाला लागतं ते सगळं त्यात होतं.

प्रश्न : मॅडम, मी ३९ वर्षांची आहे. बारावीनंतर एकवीस वर्षांनी मुक्त विद्यापीठातून बी.ए.ला नाव घातलं. सरावासाठी आमच्या बचत गटाचा हिशोब एक्सेलमध्ये घेतला. वर्गणीच्या रकान्याची बेरीज शून्य येते. आणि आम्ही शेंगा चटणी विकतो, त्यात एका बाईकडून एक कोटी त्र्याऐंशी लाख रुपये येणं दाखवतंय. गटातल्या सगळ्या हसतात. माझं काय चुकतं? फाइल पाठवते आहे. — बचत गटाच्या खजिनदार, उत्तर सोलापूर

ताई, फाइल उघडली आणि मीही हसले, पण तुमच्यावर नाही. इतकी नमुनेदार फाइल मला तेवीस वर्षांत परीक्षेसाठी बनवता आली नाही.

आधी शून्याचं. तुमच्या चौदा सभासदांसमोर प्रत्येकी ‘रु. २००/-’ असं लिहिलंय. (इथे छपाईत देवनागरी आकडे आलेत, तुम्ही इंग्रजी आकडे टाइप केलेत, तेच ठेवा.) पावतीपुस्तकात आपण तसंच लिहितो, कुणी पुढं शून्य वाढवू नये म्हणून ती रेघ मारतो. पण एक्सेलच्या लेखी आकडा म्हणजे निव्वळ आकडा. मागं ‘रु.’ लावलं, पुढं ‘/-’ मारलं की ते अक्षर झालं, ‘शेवगा’ किंवा ‘सुमन’ यांच्या रांगेतलं. बेरजेचं सूत्र रकान्यातून खाली जाताना अक्षरांना शिवतसुद्धा नाही, मुकाट ओलांडून जातं. चूक दाखवत नाही, हीच त्याची खोड. चौदापैकी पाच जणींपुढं तुम्ही साधं २०० लिहिलं असतंत तर बेरीज हजार आली असती, आणि शून्यापेक्षा ते वाईट. शून्य बघून माणूस निदान दचकतो.

ओळखायची खूण सोपी आहे. काहीही रंगरंगोटी न करता टाइप केल्यावर अक्षर डावीकडे चिकटतं, आकडा उजवीकडे. म्हणून नव्या कागदावर रकाने मधोमध आणायची घाई करू नका, खूण पुसली जाते. आता दुरुस्ती. ‘शोधा आणि बदला’मध्ये (फाइंड अँड रिप्लेस) ‘/-’ शोधा, बदलीत काहीच लिहू नका. तसंच ‘रु.’ आणि त्यापुढची मोकळी जागा काढा. आकडे टुणकन उजवीकडे उडी मारतील. तुम्हाला ती रेघ हवीच असेल (मलाही तिच्याशिवाय रक्कम उघडी वाटते) तर सेलच्या, म्हणजे त्या चौकटीच्या, फॉरमॅटमध्ये कस्टम निवडून तिथं ‘0"/-"’ असं लिहा. मग दिसेल २००/-, आत असेल नुसतं दोनशे. दिसतं एक आणि साठवलेलं असतं एक. माझ्या साठ तासांतले चाळीस एवढ्याच गोष्टीवर जातात.

आता कोटींकडे. चटणीचा दर ४०० रुपये किलो. एका बाईंनी पाऊण किलो नेली, तुम्ही वजनाच्या रकान्यात 3/4 लिहिलंत. वहीत हे पाऊणच. एक्सेलला मात्र तिरकी रेघ दिसली की तारीख आठवते. त्यानं ते तीन एप्रिल केलं, तेव्हाचं चालू वर्ष, म्हणजे २०२५, स्वतःच धरलं. आणि तारीख तो तारीख म्हणून ठेवत नाही, १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस धरून कितवा दिवस ते मोजून ठेवतो. ३ एप्रिल २०२५ हा त्याच्या मोजणीनं ४५,७५० वा दिवस. त्याला ४०० नं गुणा. एक कोटी त्र्याऐंशी लाख. त्या बाईंनी पाऊण किलो नेली, तुमच्या एक्सेलनं पावणेसेहेचाळीस हजार किलो. सोलापुरातले सगळे शेंगदाणे पुरायचे नाहीत.

यापुढं पाऊण हवं तर 0.75 लिहा, किंवा आधी शून्य, मग मोकळी जागा, मग 3/4. तारीख मोजायची ही पद्धत नोकरीचे दिवस, व्याजाचे दिवस काढायला फार सोयीची आहे, एका तारखेतून दुसरी वजा केली की झालं. फक्त त्या मोजणीत २९ फेब्रुवारी १९०० असा एक दिवस धरलेला आहे, जो कधी उगवलाच नाही, कारण १९०० हे लीप वर्ष नव्हतं. आधीच्या लोटस नावाच्या पॅकेजमध्ये ही चूक होती, त्याच्याशी जुळावं म्हणून एक्सेलनं ती जाणूनबुजून तशीच घेतली. जुन्या घरातली वाकडी चौकट नव्या घरात बसवावी तसं.

आणि तुमच्याच फाइलीतली तिसरी गोष्ट, जी तुम्ही विचारली नाहीत. शेवटच्या रकान्यात सभासदांचे बँक खाते क्रमांक आहेत. त्यातले सोळा आकडी सगळे क्रमांक शून्यानं संपतात. योगायोग नाही तो. एक्सेल पंधरा आकड्यांपर्यंतच नेमकं लक्षात ठेवतं, सोळाव्याच्या जागी शून्य टाकतं. अनुदान त्या क्रमांकावर गेलं तर परत येईल, किंवा येणार नाही. पासबुकावरून पुन्हा भरा, आणि भरण्याआधी तो रकाना ‘टेक्स्ट’ करा. ज्याची बेरीज कधी करायची नाही तो आकडा नव्हेच. खाते क्रमांक, मोबाइल, पिन कोड, आधार ही सगळी नावं आहेत, फक्त आकड्यांत लिहिलेली.

गटातल्या बायकांना सांगा, की जगभरचे शास्त्रज्ञसुद्धा इथंच आपटले. माणसाच्या काही जनुकांची नावं ‘मार्च१’, ‘सेप्ट१’ अशा धाटणीची होती. एक्सेल त्यांच्या तारखा करायचं. सॉफ्टवेअर बदलेना, तेव्हा नावं ठरवणाऱ्या समितीनं २०२० साली जनुकांचीच नावं बदलली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये कोविडचे १५,८४१ रुग्ण आठवडाभर यादीतून गळाले, कारण जुन्या पद्धतीच्या एक्सेल फाइलमध्ये ६५,५३६ ओळींच्या पुढं काही मावत नाही आणि उरलेलं गुपचूप सांडतं. नव्या फाइलीत दहा लाख अठ्ठेचाळीस हजारांवर ओळी मावतात. तुमचा गट चौदा जणींचा आहे, तुम्हाला ती भीती नाही.

प्रश्न : नात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. कॉलेजनं तिला प्रकल्प दिला : गावच्या वाचनालयाची सभासद यादी कॉम्प्युटरवर नीट लावणे. यादी आम्ही २००३ सालीच टाइप करून घेतली होती. ती तिच्या मशिनवर उघडली तर सगळी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रांगोळी. आमचं पैसे देऊन केलेलं काम फुकट गेलं का? — सेवानिवृत्त मुख्याध्यापक, कऱ्हाड

गेलेलं नाही सर, पण ते मराठीत कधी नव्हतंच.

त्या काळी डीटीपीवाल्यांकडे जे मराठी फॉन्ट असायचे, त्यांत इंग्रजी अक्षराच्या खुर्चीवर मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असे. मशिनला वाटे इंग्रजी अक्षर आहे, आपल्याला दिसे ‘क’. तो फॉन्ट त्या मशिनवर आहे तोवर नाटक चालतं. फॉन्ट गेला की मुखवटा गळतो आणि खाली बसलेलं इंग्रजी अक्षर दिसतं. नातीला सांगा, फॉन्टचं नाव फाइलमध्ये अजून लिहिलेलं असतं, अक्षरं निवडल्यावर वरच्या चौकटीत दिसेल. ते नाव धरून त्या फॉन्टचा युनिकोड परिवर्तक शोधायचा. रूपांतर झाल्यावर जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासायचे, तिथं हमखास गडबड असते. हे तपासायचं काम तुम्ही करा, तिच्यापेक्षा तुम्हाला चांगलं जमेल.

युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे आणि तो जगभर तोच. देवनागरीला १२८ जागांचा गट दिलेला आहे. वर्गात मी ‘मराठी’ शब्द फळ्यावर लिहून विचारते, यात किती? मुलं म्हणतात तीन. मशिन म्हणतं पाच : म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी. ‘लक्ष्मी’ सात : ल, क, हलन्त, ष, हलन्त, म, वेलांटी. म्हणूनच खोडताना आधी वेलांटी जाते, मग म. शिवाय एसएमएसमध्ये हे क्रमांक इंग्रजी अक्षरापेक्षा जास्त जागा खातात, म्हणून साध्या इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, मराठीत ७० च. वाढदिवसाच्या शुभेच्छा अर्ध्यात तुटतात त्या याच्यामुळे.

तुमच्या गावाच्या नावात मात्र एक खास खोच आहे, ती प्रकल्पात तिनं जरूर लिहावी. ‘कऱ्हाड’मधला तो चंद्रकोरीसारखा अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एकात खाली नुक्ता, म्हणजे टिंब, असलेला ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही डिट्टो. पण एका पद्धतीनं लिहिलेलं ‘कऱ्हाड’ शोधलं तर दुसऱ्या पद्धतीचं सापडेलच असं नाही. यादी दोघांनी मिळून टाइप केली असेल तर तुमच्या वाचनालयात दोन कऱ्हाडं असतील. आधी ठरवा कोणतं ठेवायचं, मग एका झटक्यात बदला. हे तिनं केलं आणि का केलं ते पानभर लिहिलं, तर मी परीक्षक असते तर बाकीचं न वाचता मार्क दिले असते.

प्रश्न : मॅडम, दुसऱ्या सहामाहीत पायथॉन आहे. मी बारावीपर्यंत मराठी माध्यमात. इंग्रजी वाचता येतं पण डोक्यात उतरत नाही. वर्गातल्या मुली पटापट लिहितात. मला जमेल का? — एफ.वाय., परांडा

जमेल गं. पायथॉन म्हणजे मशिनला काम सांगायची एक भाषा. तिचे स्वतःचे राखीव शब्द फक्त ३५ आहेत, आणि पहिल्या वर्षात त्यातले दहा-बारा लागतात. पाढ्यांपेक्षा कमी पाठांतर.

अवघड इंग्रजी नसतं, अवघड असतं काय करायचं ते पायरीपायरीनं सांगणं. ते मराठीतच कर. समजा बारा पोती ज्वारी, प्रत्येकी पन्नास किलो, दर क्विंटलला तीन हजार, पोत्यामागं हमाली दहा रुपये. शेतकऱ्याच्या हातात किती? कागदावर लिही : पोती गुणिले पन्नास. भागिले शंभर, म्हणजे क्विंटल. गुणिले दर. वजा, पोती गुणिले दहा. आले सतरा हजार आठशे ऐंशी. आता ह्याच चार ओळी मशिनला सांगायच्या. आणि एक गंमत तुझ्या सरांना दाखव : पायथॉनमध्ये नावं देवनागरीत दिलेली चालतात. ‘पोती’, ‘दर’, ‘हमाली’ अशी नावं ठेवून बघ, प्रोग्राम चालतो. आकडे मात्र इंग्रजी लिहायचे. परीक्षेत नावं इंग्रजीत दे, उगाच तपासणाऱ्याशी वाद नको. पण शिकताना ‘एक्स’ आणि ‘वाय’ लिहून अर्थ हरवण्यापेक्षा ‘हमाली’ लिहिलेली बरी.

पटापट लिहिणाऱ्या मुलींचं मनावर घेऊ नकोस. त्यांना एक ओळ बदलायला सांग आणि मग बघ.

प्रश्न : असाइनमेंट एआयला विचारून केली तर चूक काय? उत्तर बरोबर येतं. — बी.सी.ए., लातूर

येतं का बरोबर? गेल्या सत्रात एकानं बचत गटाच्या कर्जाचा प्रोग्राम असाच करून आणला. सुबक होता, माझ्यापेक्षा नीट लिहिलेला. दहा हजार रुपये, सहा महिने, व्याज दोन टक्के. उत्तर शंभर रुपये. मी विचारलं, तुझ्या आईच्या गटात किती घेतात? तो घरी फोन लावून आला आणि गप्प उभा राहिला. बाराशे. आपल्याकडं ‘दोन टक्क्यानं’ म्हणजे महिन्याला शेकडा दोन, हे मराठवाड्यात आणि सोलापुरात शेंबडं पोर जाणतं. एआयनं सालाना धरलं. त्याचा दोष नाही, ह्यानं सांगितलंच नव्हतं. ह्याला स्वतःलाच माहीत होतं आणि विचारताना सुचलं नाही.

तेव्हा माझ्या वर्गात एआयला बंदी नाही. अट एकच, आणलेल्या उत्तराशेजारी तीन ओळींचं तेच गणित पेनानं सोडवलेलं हवं. तुझे सर काय म्हणतात ते त्यांना विचार, माझं नाव पुढं करू नकोस.

प्रश्न : आमच्या लॅबमध्ये १८ मशिन, त्यातली ११ चालू. वर्गात आम्ही ७२. जर्नलमध्ये एक्सेलचा पडदा पट्टी-पेन्सिलीनं आखून आणायला सांगतात. हे प्रॅक्टिकल आहे का? कॉलेजचं नाव छापू नका. — सुजाण विद्यार्थी

नाव छापत नाही. आणि प्रॅक्टिकल नाहीच हे. पण दगड उचलण्याआधी माझी कबुली ऐक. भारनियमनाच्या वर्षांत आमच्याकडे प्रॅक्टिकलच्या वेळी नेमकी वीज जायची, आणि मी पोरांना फळ्यावरून सूत्रं उतरवून घ्यायला लावली आहेत. ती जर्नलं मी लाल शाईनं तपासली आहेत. आज त्याची लाज वाटते.

त्यातच एक दिवस कंटाळून वर्गालाच एक्सेल केलं. बाकांच्या रांगा म्हणजे ओळी, उभे स्तंभ ए, बी, सी. ‘बी-तीन कोण? उठ. तुझा आकडा काय?’ प्रत्येकाच्या हातात चिठ्ठी. मग सूत्र : ‘आपल्या डावीकडच्याचा आकडा घे, दुप्पट कर.’ हेच वाक्य मागच्या बाकाला सांगितलं की तो त्याच्या डावीकडच्याकडे वळतो. सूत्र खाली ओढलं की पत्ते का बदलतात, हे न समजणारा त्या दिवशी वर्गात कुणी उरला नाही. मग दुसरं सूत्र : ‘दारापाशी बसलेल्या वर्गाच्या मॉनिटरचा आकडा घे.’ आता कुठल्याही बाकावरून सगळ्यांची मान दाराकडेच. सूत्रातला पत्ता जागेवर बांधून ठेवणारं डॉलरचं चिन्ह ते हेच. पोरं परीक्षेत डॉलरला ‘मॉनिटर’ म्हणायला लागली तेव्हा मात्र बाहेरच्या परीक्षकांनी मला बोलावून विचारलं.

तुम्हाला करता येईल ते सांगते. अकरा मशिनवर सहा-सात जणांचे गट करा, की-बोर्ड दर दहा मिनिटांनी पुढं सरकवा, आणि की-बोर्ड ज्याच्याकडे त्यानं बोलायचं नाही, बाकीच्यांनी सांगायचं. केंद्र सरकारच्या स्वयम् पोर्टलवर याच विषयांचे कोर्स शिकायला फुकट आहेत, पैसे फक्त परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यायचं असेल तर. आणि सात मशिन बंद आहेत, तर ती का बंद आहेत ते लेखी विचारा. अर्जावर ७२ सह्या हव्यात, एकट्याची नको. आमच्याकडच्या बंद मशिनपैकी तीन निव्वळ केबल सैल झाल्यामुळे दोन वर्षं बंद होत्या. आमच्या शिपायानं काढलं ते शोधून.

प्रश्न : बी.सी.ए. की बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स? — तीन पालक, वेगवेगळ्या गावांहून

गणिताची गोडी असेल तर बी.एस्सी., नसेल तर बी.सी.ए. एवढं ढोबळ. बी.सी.ए.ला २०२४ पासून राज्याची सीईटी लागू झाली आहे, तिचा अर्ज बारावीच्या परीक्षेच्या धांदलीत भरावा लागतो, तिथं चुकू नका. आणि जे कॉलेज निवडाल तिथं प्रवेशाआधी लॅब बघायला मागा. वरचं पत्र वाचलंतच.

जाता जाता : अंक छपाईला जायच्या आधी उत्तर सोलापूरच्या खजिनदार ताईंचं दुसरं पत्र आलं. ‘/-’ काढलं, बेरीज आता २,८०० येते, गटात पेढे वाटले. पण पेटीत २,६०० च आहेत. एक्सेलमध्ये अजून काय चुकलं असेल, असं विचारतात.

ताई, एक्सेल आता बंद करा. त्या महिन्याच्या मीटिंगचं वहीतलं पान काढा आणि सह्या मोजा. तेरा निघतील.